ळ कुठाय

धायरीच्या वृद्धाश्रमात मी पंधरा दिवस होते,
टॅब शिकवायला.
कंपनीचा टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्र,
आणि पहिल्याच तासाला
गव्हाणेमावशींनी चष्मा कपाळावर नेत विचारलं,
"ताई, ळ कुठाय?"

ल दाबून धरा, मी म्हटलं, मग वर येतो.
फिनेलनं सोललेला त्यांचा अंगठा
काचेला लागतच नव्हता.
मग त्या ळशिवायच लिहीत राहिल्या:
सकाली गोली दिली. आंघोल झाली.
रात्रभर मलमल.
बाणेरच्या ऑफिसातून फोन आला,
पेशंटला मलमल कशाला?

आठ नंबरच्या खाटेवर उंब्रजकर.
खडकीच्या दारूगोळा कारखान्यात छत्तीस वर्षं, लेथवर.
पहाटे पाच चाळीसला उठून बसतात,
उशीखालचा रुमाल खिशात घालतात,
सायकलची किल्ली चाचपतात.
गादीखाली आम्ही घातलेली पट्टी
रोज पाच चाळीसला कोकलायची:
पेशंट उठला, पडण्याचा धोका.
आठवडाभर मावशींनी ती मुकाट बंद केली.
मग म्हणाल्या,
"तुमच्या मशीनला सांगा, हे पडत नाहीत.
हे कामाला जातात."

सांगायला रकाना नव्हता.
उठण्याचं कारण: लघवी, तहान, वेदना, इतर.
आम्ही इतर निवडलं.

बाराव्या रात्री पट्टी वाजली दोन दहाला.
मावशी वरच्या मजल्यावर कुणाची चादर बदलत होत्या,
एप्रनच्या खिशात टॅब थरथरला.
(जुन्या वहीला थरथरता येत नसे.
हे त्याच म्हणाल्या, मी नाही.)
पाच चाळीसचा माणूस दोन दहाला उठत नाही
हे पट्टीला कुठून कळणार,
आणि तो उठलाय
हे पट्टीवाचून मावशींना.
त्या चादर तशीच टाकून
जिना उतरल्या, चप्पल वरच राहिली.

उंब्रजकर दाराशी उभे,
कडी धरून फिरवत होते, लेथचं चाक फिरवावं तशी,
अंगाची नुसती भट्टी.
लघवीचा जंतुसंसर्ग, डॉक्टर सकाळी म्हणाले,
अजून दोन तास गेले असते तर,
आणि पुढचं बोलले नाहीत.

मी नोंद उघडली.
वेळ दोन दहा. कारण, इतर.
त्याखाली:
"यांची पाळी बदलली. रात्रपाळी लागली वाटतं.
पोटात कळ. अंग गरम. धरून बसले."

ळ तिन्ही जागी नीट आला होता.

आमच्या तक्त्यात ती नोंद लाल दिसते.
एका नोंदीला चाळीस सेकंद हा नियम,
हिला अकरा मिनिटं.
कारण द्या, असं बाणेरहून विचारलंय.
दिलेलं नाही अजून.
फक्त पुढच्या दुरुस्तीत
ळ वरच्या ओळीत आणून ठेवलाय, उघडा,
डाव्या कडेला.
मावशी डावखुऱ्या आहेत.