ओला करार

मतलई एअरच्या पहिल्या विमानावरचं नाव मी लिहिलं,
शिडीवर उभं राहून, दोन इंची ब्रशने,
देवगड बंदरात ट्रॉलरवर लिहायचो तसंच.
याकूबभाई सारंग खाली, उन्हात, छत्री न उघडता.
म्हणाले, कोयंडे, ईचा तुरा जरा मागे ओढा,
वाऱ्याने ओढल्यासारखा.

मतलई रात्री सुटते जमिनीवरून,
होडीला बाहेर घालवते.
परत आणायचं काम तिचं नाही, खाऱ्या वाऱ्याचं.
नाव ठेवताना हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

सड्यावर जांभा तासून केलेली धावपट्टी.
अठरा सीटं. सकाळी मुंबई, दुपारी बेळगाव,
मे महिन्यात माणसांपेक्षा आंब्याच्या पेट्या जास्त.
जूनमध्ये ढग सड्यावर येऊन बसले की
विमान शेडमध्ये, आणि त्याच्या पंखाला
राखणदार भिवा खवळ्याची जाळी वाळत.

चौथ्या पावसाळ्यात ईशान्येकडच्या एका कंपनीचा फोन आला.
विमान द्या चार महिने.
पायलट तुमचा, मेकॅनिक तुमचा, विमा तुमचा.
नाव आमचं.
याला वेट लीज म्हणतात, हिशेब बघणाऱ्या आचरेकरबाई म्हणाल्या,
नुसतं विमान दिलं तर ड्राय.
भिवा म्हणाला, म्हणजे ओला नि सुका. बाजारात असताच मां.

याकूबभाई बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, आजोबांची फत्तेमारी अशीच जायची.
माल दुसऱ्याचा, भाडं आपलं, तुफान दोघांचं.
आणि सही केली.

मी जुन्या नावावरच नवं रंगवलं.
पुढच्या साली त्याच्यावर तिसरं.
इंजिनिअर पेद्रू लोबो शिडी हलवत ओरडला,
अरे, एकेक थर चाळीस किलोचा होतो!
दोन पेट्ये, भिवाने लगेच हिशेब केला.
तेव्हापासून आधी खरवडायला शिकलो,
पण करार घाईचे असत, आणि सगळं काही निघत नाही.

एका साली शेपटीवर निळा पक्षी. एका साली लाल चाक.
एकदा नुसता आकडा, का ते विचारलं नाही.
विमान परत यायचं तेव्हा चाकाच्या कप्प्यात
कधी चहाच्या मळ्याची माती, कधी वाळवंट.
पेद्रू ती नखाने काढून हुंगायचा.
सीटमागच्या खिशात एकदा लग्नपत्रिका सापडली,
आमच्यातल्या कुणाला ती लिपी येत नव्हती.
आचरेकरबाईंनी ती फाईलला लावली, तारखेसकट.

एकाची सात विमानं झाली.
सातही बाहेर.
गावात लोक म्हणू लागले, ही विमान कंपनी
की कलमं खंडाने देणारा बागायतदार?
मोहोर आपला, राखण आपली,
आंबा मात्र दुसऱ्याच्या नावाने वाशीला.
पेपरात आलं, मतलई प्रथमच नफ्यात.
त्याच आठवड्यात तिकिटाच्या खिडकीला
भिवाने फळी मारली. शेवटच्या फेरीत तीन प्रवासी होते,
त्यातला एक पेद्रू.

याकूबभाई सड्यावर येत राहिले. शुक्रवारी, नमाजानंतर.
धावपट्टीच्या भेगांत उगवलेलं गवत
चपलेने दाबून बघत. उपटत नसत.

मी परत बंदरात. ट्रॉलरवाल्यांना नाव मोठं लागतं,
वजनाची त्यांना फिकीर नाही.

गेल्या मार्गशीर्षात लेकीच्या बाळंतपणाला सिलचरला निघालो.
कोलकात्यात पुढचं विमान, अंगावर हिरवं कसलंसं नाव.
शिडी चढताना सकाळचं ऊन आडवं पडलेलं,
आणि हिरव्याखाली, दाराच्या उजव्या अंगाला,
उठून दिसला ईचा तुरा.
मागे ओढलेला.

तळवा ठेवला त्यावर.
दारातल्या पोरीला वाटलं, म्हातारा पाया पडतोय.
ती हसली, अंकल, आगे चलिए.
वरचं नाव मी वाचलंच नाही. एवढंच पाहिलं,
कुणीतरी घाईत मारलंय,
कडेला टेपचे दात तसेच राहिलेत.

पट्टा आवळला.
धावपट्टीवर ते जरा जड वाटलं मला.
दोन पेट्या, दोन पेट्या, अजून दोन,
मी मोजत होतो
आणि ते उचललं गेलं.