अंगी न लागलेलं

सकाळी सहाला मी तराजू शून्यावर आणते.
बाहेर आयसेल नदीच्या बांधावर अजून काळोख,
आत मात्र पाचपासून उजाडलंय;
आत उजाडणं वोब्बेच्या हातात आहे,
भिंतीवरच्या एका बटणात.

प्रत्येकीचा पिंजरा वेगळा, प्रत्येकीचं खाणं वेगळं.
सांडलेलंही गोळा करून परत तोलायचं,
ओलं झालं असेल तर वाळवून.
असे चार आठवडे.
मग गणित सांगतं:
एवढ्या वजनाच्या, एवढी अंडी देणाऱ्या कोंबडीनं
एवढंच खायला हवं होतं,
आणि तिनं खाल्लं एवढं.
वजाबाकी करून जे उरतं
त्यावर पुढची पिढी ठरते.

उत्तर उणे यावं लागतं.
इथे उणे म्हणजे शाबासकी,
हे अंगवळणी पडायला मला वर्ष लागलं.

कोंबड्याचं तर आणखीच मजेचं.
त्यानं जन्मात अंडं घातलेलं नाही,
तो निवडला जातो बहिणींच्या आकड्यांवर,
आणि तुरा ताठ ठेवून हिंडतो,
जणू त्या कमी खातात त्या याच्याच सांगण्यावरून.

चव्वेचाळीसशे सोळा.
दिवसाला एकशे चोवीस ग्रॅम.
अंडं बासष्टचं. शेजारणीचंही बासष्टचं,
वजनालाही दोघी सारख्या,
पण शेजारीण एकशे आठमध्ये भागवते.

सोळा ग्रॅम जातात कुठे?
यिल्डाऊ, आमची विद्यार्थिनी, बोटं मोडते:
हिचा तुरा मोठा, त्यातून ऊब निसटते;
मानेवरची पिसं झडलीत, तिथूनही;
शिवाय ही बसत नाही.

बसत नाही हे खरं.
मी दार उघडते तेव्हा बाकीच्या खातच राहतात,
ही मान वर करते.
छपरावरून रानहंस ओरडत गेले
तर मान वाकडी करून
एक डोळा पत्र्याला लावते.
हंस तिनं कधी पाहिलेला नाही.
हे कोणत्या रकान्यात लिहू, मी विचारलं.
यिल्डाऊ हसली. तसा रकाना नाही.

वोब्बे दुष्ट नाही.
तो म्हणतो, सोळा ग्रॅम गुणिले दहा लाख कोंबड्या,
रोजचे सोळा टन.
तेवढं सोयाबीन कुठल्या तरी तोडलेल्या रानात उगवतं,
बोटीतून रॉटरडॅमला येतं.
खाल्ल्या अन्नाला जागायला नको?
त्याचं बरोबर आहे. मीही तराजूच धरते.

आमची आई पावाच्या चकत्या मोजून वाढायची.
आठ पोरं.
त्यातला हार्मेन सगळ्यात जास्त खायचा
आणि बटाटे काढायचे सोडून
बांधावर उभा राहून बोटींची नावं वाचायचा.
याच्या काही अंगी लागत नाही, आई म्हणायची,
आणि स्वतःची चकती
त्याच्या ताटात सरकवायची.
हा हिशेब तिनं कुठे लिहिला नाही.

शुक्रवारी यादी लागली.
चव्वेचाळीसशे सोळापुढे अधिक सोळा,
माझ्याच अक्षरात.
मी एक ग्रॅमही इकडचा तिकडे केला नाही.
तिची अंडी आता उबवणीला जाणार नाहीत.

रात्री नऊला वोब्बेनं मावळवलं.
मी टॉर्च घेऊन शेवटची फेरी मारली.
सगळ्या पिसांत मान घालून गोळा झालेल्या,
खाल्ल्या अन्नाला न जागलेली तेवढी एक
अजून जागी.

उजेडाकडे तिनं एक डोळा केला.
मी टॉर्च खाली धरला.
नदीवरून हंस चालले होते, उशिराचे.
आम्ही दोघी थोडा वेळ ऐकत राहिलो.