किमान

वरुडच्या रस्त्याला, गाव सुटल्यावर, संत्र्यांचं शेड.
मी तिथला कारकून. दोन वह्या माझ्याकडे:
निळी साहेब आले की काढायची,
लाल शनिवारी वाटायची.
दोन्हींत अंगठा एकच, पंचफुला धुर्वेचा,
सालीच्या तेलानं इतका गुळगुळीत
की शाई धरत नाही.

आंबिया बहार आला की बेचाळीस बाया.
फळ उचललं की वजन कळतं त्यांना,
आत फोपसं आहे का, तेही.
वही उचलली तर काय कळेल,
हे कोणी करून पाहिलेलं नाही.

सरकारचा बोर्ड आहे भिंतीवर.
मूळ दर, विशेष भत्ता, परिमंडळ.
त्याच्यापुढं क्रेटची थप्पी, पत्र्यापर्यंत.
बोर्ड वाचायचा
तर आधी माल विकला जायला हवा.

बेलसरेभाऊ वाईट माणूस नाहीत.
पंचफुलाच्या लेकीच्या बाळंतपणाला रात्री दोनला गाडी दिली,
डिझेल कापलं नाही.
त्यांचा हिशेब सरळ आहे:
"बोर्डावरचा भाव देल्ला
तं मंडीत माह्या पेटीले कोन इचारन?
पांढुर्ण्याकडच्या बाया याच्याहून कमीत येतात.
नाही तं मशीन हाये.
मशीन पोराचं दुखनं सांगत नाही."

मशीनचं चकचकीत पत्रक टेबलावर असतं,
उडू नये म्हणून वर एक संत्रं.

परवा पंचफुलानं विचारलं,
"बाबूजी, किमान म्हंजे का जी?"
मी म्हटलं, किमान पाणी तरी विचारावं म्हणतो ना आपण,
तसं.
त्याच्या खाली जायचं नाही.

तिनं मापाच्या कडीत एक फळ धरलं.
अडकलं नाही, आरपार खाली.
"हे चुरी," ती म्हणाली, "अर्ध्या भावाची.
पन कडी तं कोनी वाढवत नाही तिच्यासाठी, लहान बी करत नाही.
तुमची कडी रबराची दिसते."

मग भाऊंकडे वळून, हात चालूच ठेवून:
"भाऊ, मशीनचा हप्ता बँक कमी घेन का?
पांढुर्ण्याची बँक पाह्यली का?"

बाया हसल्या. भाऊही हसले, थोडे उशिरा.
सोमवारी मशीनवाल्याचा फोन आला,
भाऊ बाहेर जाऊन बोलले.

मी लाल वही काढली, ओळ आखली.
शाईचं पॅड कोरडं पडलेलं,
दोन थेंब पाणी घातलं.

माझं नाव
दोन्ही वह्यांत नाही.
भाऊ खिशातून देतात मला, न मोजता.
मीही कधी
त्यांच्यासमोर मोजलेले नाहीत.