माशाचं पाणी

विश्रामबागेत, फर्निचरच्या दुकानावर
जपानी हॉटेल उघडलंय.
आण्णा चप्पल दाराशी काढूनच आत आले.
कुणी सांगितलं नव्हतं.

सूपमध्ये मासा आहे का, मी विचारलं.
छातीवर 'सुयोग' लिहिलेला पोरगा आत गेला, परत आला.
"मासा नाही मॅडम.
माशाचं पाणी आहे फक्त."
मग अंडं. मग सॉसमधला मध.
दर वेळी तो आत, आणि मी
टेबलावरचा नॅपकिन घडी करत.

आण्णा मेनूकार्ड उजेडाकडे लांब धरून बघत होते,
लॅक्टोमीटर धरायचे तसं.
बत्तीस वर्षं अंकलखोपच्या डेअरीत, पहाटे पाचला,
गावाच्या दुधाची फॅट काढली त्यांनी.
त्या पगारावर मी शिकले,
आणि शिकून दूध सोडलं.
दोन वर्षं यावर आमच्यात एक शब्द नाही.
गावी गेले की चहाचा एक कप
न बोलता काळा येतो.

टोफू आला. त्यांनी बोटानं दाबला.
"पाणी धरलंय," म्हणाले, "पण भेसळ नाही."

सुयोग चौथ्यांदा आला तेव्हा
माझाच मला कंटाळा आला होता.
येईल ते खाऊ, म्हणून गप्प बसले.
आण्णा पुढं झुकले, घसा खाकरला,
"पोरा, यात
आमच्यातलं काही पडलेलं नाही ना?"

नाही म्हणाला.

ती हिरवी गोळी आण्णांनी चटणी समजून
काकडीच्या रोलला लावली, थोडी मलाही दिली.
नंतर बराच वेळ
आम्ही दोघंही नाक पुसत होतो.