दुसऱ्या अंगानं

प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात मी लिहिलंय:
कण रेझिनमध्ये ओतावेत, रात्रभर घट्ट होऊ द्यावेत,
मग घासावेत, आधी खरखरीत कागदावर,
शेवटी एक मायक्रॉनच्या हिऱ्याच्या लेपावर,
तोंड आरशासारखं होईपर्यंत.
लिहायला चार ओळी लागल्या.
करताना माझ्या अंगठ्याच्या रेषा गेल्या.
आधारच्या मशीनला आता मी पटत नाही.

सातपूरच्या प्रयोगशाळेत
शेजारच्या कारखान्याचा प्रेस बंद झाला
की पडद्यावरचं चित्र थरथरायचं थांबतं,
म्हणून मी रात्रीची माणूस झाले.
जड ते उजळ, हलकं ते काळं,
एवढाच या यंत्राचा धर्म.
क्वार्ट्झ राखाडी, तांब्याचं खनिज फिकट,
आणि पायराइट त्याच्याहून एका छटेनं मंद.
त्या एका छटेत माझी अडीच वर्षं गेली.

क्षेमकल्याणी सर म्हणतात, उंबरठा नीट ठरव.
उंबरठा म्हणजे तो आकडा
ज्याच्या अलीकडे एक खनिज, पलीकडे दुसरं.
मी एकशे बेचाळीस ठरवला.
नंतर एकशे एकेचाळीस.
कडेचे ठिपके दोन्हीकडे पाय सोडून बसतात.
उंबऱ्यावर बसू नये
हे त्यांना कुणी शिकवलेलंच नाही.

खरी अडचण तर पुढेच आहे.
कण गोटीसारखा, आणि आपण बघतो
त्याची कापलेली चकती.
चकतीत निखळ तांबं दिसतं
आणि खाली, अर्ध्या केसाच्या अंतरावर,
दगडानं त्याला कवटाळलेलं असतं.
आमच्या शास्त्रात सुट्या कणाला मुक्त म्हणतात.
मी मुक्तीची टक्केवारी काढते.
पलीकडे रामकुंडावर लोक त्याच कामासाठी येतात,
पण तिथे दशांश चिन्हाच्या पुढचं
कुणी विचारत नाही.

मैनाबाई झारेकरीण सराफ बाजारात
पहाटे पायऱ्यांखालची धूळ झाडून नेते,
गटारातला गाळ घमेल्यात धुते,
पाणी कलतं करत, कलतं करत,
घमेल्याच्या कडेला एक पिवळी रेघ उरेपर्यंत.
तिनं विचारलं, एवढी वर्षं शिकतेस तरी काय गं?
मी म्हटलं, मातीत काय किती आहे ते मोजायला.
दुसऱ्या दिवशी ती काडेपेटीत धूळ घेऊन आली.

नियमात बसत नव्हतं.
तरी एका शनिवारी ओतली, घासली, आत सरकवली.
वाळू. लोखंडाचा कीस. डागाची चांदी.
आणि एक टिंब, इतकं उजळ
की उंबरठ्याचं काही कामच नव्हतं.
अकरा मायक्रॉन.

चष्मा नव्हता, तिनं फोन लांब धरून पाहिला.
सोनं आहे, मी म्हटलं.
"ते मला ठाऊक होतं.
पाऱ्याला लागेल का, ते सांग.
या अंगानं उघडं दिसतंय.
दुसऱ्या अंगानं?"

सहा वर्षांत
एकाही प्रगती-अहवालावर हा प्रश्न आला नव्हता.
मी म्हटलं, त्याला पुण्याचं मशीन लागतं,
न कापता चहूबाजूंनी बघणारं.
तारीख मार्चची मिळालीय, तीही चार तासांची.
"आणि तोवर?"
तोवर हजारांची तोंडं बघून
पाठींचा अंदाज बांधायचा.

ती काही बोलली नाही.
बोटावर बोट घासत राहिली.
रेशनच्या दुकानात तिचाही अंगठा लागत नाही
हे मला बरंच नंतर कळलं.

मग म्हणाली, "बरं, माझी धूळ दे परत.
चिमूटभर असली तरी मोजून दिली होती."

आता रेझिनमधून ती कशी काढणार?
मी चकतीच तिच्या हातात ठेवली.
परवा गेले होते तिच्याकडे.
खिडकीत वीजबिलं उडू नयेत म्हणून ठेवलीय,
घासलेलं तोंड खाली करून.