दोन भरमू

नेमगोंडानं कॅमेरा हातात दिला, म्हणाला,
"निधान. हा माझ्यापेक्षा दोन वर्षांनी थोरला."
मीटरचा काटा आळशी,
निपाणीच्या उन्हातही टिचकी मारली
की मग अकरावर येतो.

वखारीच्या दारात भरमू,
भुवयांवर तंबाखूची धूळ.
खिडकीतल्या पिवळ्या चौकोनात मात्र
दोन भरमू. एक पुसट, एक खरा,
की उलट?
कडं फिरवलं. पुसट सरकला,
खऱ्याच्या अंगात शिरला
पाळी संपवून घरात शिरावं तसा.

"झालं काय गा?"
शिंक अडवून धरलेली त्यानं.
टिक्. एवढाच आवाज.

असं छत्तीस वेळा, चिक्कोडी रोडच्या टोकापर्यंत.

संध्याकाळी नेमगोंडा हसला,
आधी कन्नडात, मग मराठीत.
काचेवरचं झाकण तसंच होतं.

भरमू अजून विचारतो,
आलं काय धुऊन?