जबडा

पाथर्डी फाट्यावर तळमजला घेतला तो या काचेच्या पेटीसाठी.
सात फूट लांब, तीन रुंद, पाण्यासकट दीड टन.
वरच्या मजल्यावर ठेवली असती
तर तिनेच मला माशांसकट खाली आणलं असतं.

अंबडला तेवीस वर्षं लेथवर काढली.
मिलिमीटरचा शंभरावा भाग बोटाला कळतो,
पण अरोवानात नर कोणता, मादी कोणती
हे कळायला सहा वर्षं गेली
आणि चारातले दोन मासे.
एकाला दुसऱ्यानं फाडलं.
एक रात्री झाकण उडवून बाहेर पडला,
सकाळी मंदाला सोफ्याखाली सापडला,
खवल्यांना धूळ, डोळा अजून ओला.
तेव्हापासून झाकणावर पाटा ठेवलाय
आणि आमची चटणी मिक्सरमध्ये होते.

उरलेल्या दोघांचं जमलंय का, हे कुणाला विचारणार?
नळाचं पाणी त्यांना जड.
त्यांना हवं लांबच्या जंगलातलं,
पानं भिजून कोऱ्या चहासारखं झालेलं.
गोल्फ क्लबच्या कडेनं बदामाची वाळकी पानं वेचली मी,
फिरायला येणारी माणसं
मला वळसा घालून जायला लागली.

मग आषाढात एका पहाटे
नराचा जबडा खाली सुटलेला दिसला,
नाण्यांनी भरलेल्या बटव्यासारखा.
झिंगा टाकला.
त्यानं पाहिला आणि तोंड फिरवलं.
आत बोराएवढी अंडी, तीस असतील, चाळीस असतील,
आणि पुढे पन्नास दिवस उपास.
निर्जळी म्हणता येत नाही, एवढंच.

घरात कुकर लावणं बंद झालं.
मंदा म्हणाली, माझी दोन्ही बाळंतपणं माहेरी झाली,
तुम्ही एक दिवस रजा काढली नव्हती.
मी उत्तर दिलं नाही.

समोरच्या मोकळ्या प्लॉटवर ढोल पथकाची तालीम.
पहिल्या ठोक्याला काच थरथरली,
नर कोपऱ्यात शिरला.
मी अनवाणी धावलो.
म्होरक्या प्रज्योत लोणारी, आयटीआयचा, हातात टिपरू.
"काका, मासा गरोदर आहे?"
"नर आहे तो. तोंडात आहेत."
साठ पोरं हसली.
ताशेवाला सगळ्यात शेवटी थांबला.

दुसऱ्या दिवशी पाच-पाच जण बघायला आले,
चपला दाराबाहेर, बोलणं कुजबुजीत.
प्रज्योत वाकून बराच वेळ पाहत राहिला.
"म्हणजे याला आता तोंडच उघडता येत नाही."
त्याच संध्याकाळी त्यांनी ढोल टेम्पोत भरले
आणि नासर्डीपलीकडच्या कुठल्याशा गोदामात नेले.

अकरा दिवस.

बाराव्या रात्री कुठेच काही वाजत नव्हतं.
वीज होती. हीटर चालू. पारा अठ्ठावीसवर.
तीनला उठून टॉर्चवर लाल कागद धरून पाहिलं.
जबडा सपाट.
तळाशी एकही अंडं नाही.
नर वर आला, झिंगा मागायला.

लेथवर जॉब रिजेक्ट झाला की कारण सापडतं,
हत्यार झिजलेलं असतं, चक सैल असतो.
इथे वही तीनदा चाळली.
कदाचित अंडी फळलीच नव्हती, त्याला आधी कळलं.
कदाचित नुसती भूक.
कदाचित आम्ही सगळे फार बघत होतो.

मंदानं कुकर लावला.
शिट्टी झाली, कुणी दचकलं नाही.

संध्याकाळी प्रज्योत फाटकाशी आला.
"सांगू नका काका, कळलं."
जरा वेळ कडीशी खेळत राहिला.
मग म्हणाला, "उद्यापासून इथंच सुरू करू का?
गोदामवाला भाडं मागतोय."
मी म्हणालो, उद्या कशाला, आजच करा.

सातला पहिला ठोका पडला.
काच थरथरली, पाट्याखाली झाकण खडखडलं.
नरानं ढुंकूनही पाहिलं नाही.